दोन नावांची खुर्ची

जुन्या डॅनिश खुर्च्यांची पारख असलेला माणूस खुर्ची समोर आली की लगेच तिच्यावर बसत नाही. आधी ती उलटी करतो. बैठकीखालच्या चौकटीच्या आतल्या बाजूला वर्षानुवर्षांची धूळ आणि कोळिष्टकं साठलेली असतात. तिथे टॉर्च मारून तो शिक्का शोधतो. ‘निल्स वोडर, कॅबिनेटमेकर, कोपनहेगन, डेन्मार्क’ आणि त्याखाली ‘डिझाइन फिन यूल’ अशी अक्षरं लाकडात डागलेली दिसली, तर वरून अगदी तशीच दिसणाऱ्या बिनशिक्क्याच्या खुर्चीपेक्षा तिला कितीतरी जास्त भाव येतो.

त्या शिक्क्यावर दोन नावं आहेत, आणि सुताराचं नाव आधी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर स्कँडिनेव्हियात घडलेल्या खुर्च्या जमवायच्या, तर सुरुवात इथूनच करावी. मासिकांत आणि लिलावाच्या कॅटलॉगमध्ये मोठ्या अक्षरांत छापलं जातं ते डिझायनरचं नाव: हान्स वेग्नर, फिन यूल, आर्ने याकोबसेन, पोल केअरहोल्म, फिनलंडचे अल्वार आल्टो. पण या मंडळींच्या बऱ्याच खुर्च्या आजही तयार होतात. उद्या सकाळी दुकानात जाऊन कोरी करकरीत वेग्नर खुर्ची विकत घेता येते, आणि ती शंभर टक्के अस्सल असते. मग जुनीच कशासाठी शोधायची? याचं उत्तर त्या दुसऱ्या, म्हणजे सुताराच्या, नावात आहे. ती कोणत्या कारखान्यात, कोणत्या लाकडाची आणि साधारण कोणत्या साली घडली, हे ज्याला वाचता येतं त्यालाच जुन्या खुर्चीत काय वेगळं आहे ते कळतं.

ही दोन नावं एकत्र आली कशी, तेही पाहण्यासारखं आहे. 1920 च्या दशकात कोपनहेगनचे कॅबिनेटमेकर, म्हणजे उंची फर्निचर करणारे सुतार, अडचणीत होते. यंत्रावर निघालेलं स्वस्त फर्निचर गिऱ्हाईक पळवत होतं. तेव्हा त्यांच्या संघाने 1927 पासून दरवर्षी आपल्या कामाचं प्रदर्शन भरवायला सुरुवात केली. कारागिरी अव्वल होती, पण नमुने जुनाट होते, म्हणून तरुण वास्तुरचनाकारांना बरोबर घेतलं गेलं. एकेका कारखान्याची एकेका डिझायनरशी जोडी जमली: वोडरची यूलशी, योहानेस हान्सेनची वेग्नरशी. दरवर्षी काहीतरी नवं दाखवायचं, आणि शेजारच्या दालनातल्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा सरस दाखवायचं, ही चुरस 1966 पर्यंत चालू राहिली. आज संग्रहालयांत दिसणाऱ्या कितीतरी खुर्च्या पहिल्यांदा लोकांपुढे आल्या त्या याच प्रदर्शनांतून.

या सगळ्यांच्या मागे एक शिक्षक होता, कोरे क्लिंट. 1924 मध्ये कोपनहेगनच्या रॉयल अकॅडमीत फर्निचरचं शिक्षण सुरू झालं ते त्याच्याच हाताखाली. माणसाचं शरीर मोजा, घरातल्या वस्तू मोजा, जुन्या उत्तम खुर्च्या मोजा, आणि मगच पेन्सिल उचला, अशी त्याची शिस्त. नवं म्हणून काहीतरी वेगळं करून दाखवण्यात त्याला रस नव्हता. चिनी, इंग्रजी, अमेरिकेतल्या शेकर पंथीयांच्या साध्या खुर्च्या, या सगळ्यांत कुणीतरी आधीच अर्धं उत्तर शोधून ठेवलंय, ते पुढे न्यायचं, असं तो मानत असे. डॅनिश खुर्ची नवी असूनही परकी वाटत नाही, त्याचं श्रेय मी या शिकवणुकीला देतो.

वेग्नरचं उदाहरण घ्या. 1914 मध्ये ट्योंडर या सीमेवरच्या गावात जन्मलेला हा जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. लहानपणीच सुतारकामाला लागला आणि सतराव्या वर्षी तयार कारागीर झाला. डिझाइनचं शिक्षण त्यानंतरचं. चिनी खुर्च्यांत बसलेल्या डॅनिश व्यापाऱ्यांची जुनी चित्रं त्याच्या पाहण्यात आली आणि त्यातून 1944 मध्ये त्याची ‘चायना चेअर’ आली. मग तो तीच कल्पना सोलत गेला, एकेक अनावश्यक भाग काढत गेला. 1949 मध्ये त्याने दोन खुर्च्या काढल्या. एक, कार्ल हान्सेन अँड सन या कारखान्यासाठीची ‘वाय’ खुर्ची, जिच्या पाठीला इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची फळी असते. दुसरी, योहानेस हान्सेनसाठीची गोल खुर्ची, जिला अमेरिकेत नुसतं ‘द चेअर’ म्हणू लागले. 26 सप्टेंबर 1960 रोजी केनेडी आणि निक्सन यांचा टेलिव्हिजनवरचा पहिला वादविवाद झाला, तेव्हा शिकागोच्या स्टुडिओत दोघांना बसायला याच खुर्च्या होत्या.

गोल खुर्चीपाशी थोडं थांबायला हवं, कारण जुनी खुर्ची वाचायची कशी हे तिच्यावरून सगळ्यात चांगलं शिकता येतं. तिची पाठ आणि हात मिळून एकच अर्धवर्तुळ होतं. एका अखंड लाकडातून असा बाक काढला, तर वळणावर रेषे आडवे कापले जातात आणि तिथे लाकूड मोडतं. म्हणून हे वळण तुकड्यांत करावं लागतं आणि तुकडे सांधावे लागतात. पहिल्या खुर्च्यांत वेग्नरला हे सांधे दिसायला नको होते, म्हणून पाठीचा भाग वेताने गुंडाळून झाकलेला आहे. लवकरच त्याचं मत बदललं. दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसा नागमोडी सांधा त्याने योजला आणि तो उघडा ठेवला. आज तीच रेघ त्या खुर्चीचा दागिना मानली जाते. वेताने गुंडाळलेली पाठ आणि जोडीला योहानेस हान्सेनचा शिक्का असेल, तर खुर्ची पहिल्या दिवसांतल्या घडणीची. उघडा नागमोडी सांधा असेल तर त्यानंतरची. पुढे हान्सेनचा कारखाना बंद झाला आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम पीपी म्योब्लर या कारखान्याकडे गेलं. त्यांचं कामही पहिल्या प्रतीचं आहे. गोल खुर्ची रोज वापरायला हवी असेल तर मी पीपीचीच घ्या असं सांगेन. पण सत्तर वर्षं माणसांच्या तळव्यांनी घासून तिच्या हातांना जी झळाळी आणि जो मऊपणा आलेला असतो, तो कुठल्याही कारखान्याला विकता येत नाही.

वेग्नर कारागीर होता, तर फिन यूल अजिबात नव्हता. तो इमारतींचा माणूस. रंधा-पटाशी हाती न धरलेल्या या गृहस्थाने सुतारांना अशक्य वाटतील असे आकार कागदावर काढले: बैठक चौकटीवर टेकलेली नाही, जणू तरंगते आहे; हात जाड नाहीत, पात्यासारखे निमुळते होत जातात. हे प्रत्यक्षात आणलं निल्स वोडरने. 1949 च्या प्रदर्शनात त्यांची मोठी आरामखुर्ची मांडली होती आणि राजा नववा फ्रेडरिक तिच्यावर बसला. तिला राजाचं नाव द्यायची सूचना आली, पण यूलने ती नाकारून ‘सरदाराची खुर्ची’ हे नाव पसंत केलं, असं सांगतात. वोडरच्या कारखान्यातून या नमुन्याच्या शंभरही खुर्च्या बाहेर पडल्या नाहीत. तिचा भाव का चढतो, ते यावरून समजेल. आज हाउस ऑफ फिन यूल ही कंपनी ती बनवते, आणि चांगली बनवते. तरी वोडरच्या हाताखालची खुर्ची हात फिरवूनही ओळखू येते. यूलच्या कडा पातळ आणि धारदार असतात. कुणी त्या पॉलिश पेपरने घासून ‘नव्यासारख्या’ केल्या असतील, तर ती धार गेलेली असते. मग शिक्का खरा असला तरी आत अर्धीच खुर्ची उरलेली असते, असं माझं स्पष्ट मत आहे.

घासणं हा जुन्या खुर्चीचा सगळ्यात मोठा शत्रू. विक्रेते गिऱ्हाइकाला खूश करायला ते करतात. सागवानी खुर्च्या मुळात बहुतेक तेल लावलेल्या असत. त्यावर चकचकीत लॅकर चढवलेलं दिसलं तर सावध व्हावं. ओक आणि बीचच्या कितीतरी खुर्च्यांना डेन्मार्कमध्ये नुसतं साबणाचं पाणी लावत, आणि अजूनही लावतात. त्याने लाकूड फिकट, कोरडं आणि मऊ राहतं. अशा ओकला लोखंड आणि ओल एकत्र लागली की लाकडातलं टॅनिन काळं पडतं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात अशी खुर्ची ठेवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. तिथे सागवान कधीही बरं.

सागवान आपल्या ओळखीचं, पण डेन्मार्कमध्ये त्याचं झाड नाही. तिकडे ते पोचलं व्यापारातून. 1897 मध्ये स्थापन झालेल्या डॅनिश ईस्ट एशियाटिक कंपनीचा सयामच्या सागवानात मोठा व्यवहार होता. दुसऱ्या महायुद्धानंतर आग्नेय आशियातून सागवान मुबलक येऊ लागलं आणि डॅनिश फर्निचरचा रंगच बदलला. या लाकडात सिलिकाचे कण असतात, त्यामुळे साधी पाती भराभर बोथट होतात. कार्बाइडची टोकं असलेली यंत्रं आली तेव्हाच कारखान्यांना ते मोठ्या प्रमाणावर कापणं परवडू लागलं. 1960 च्या दशकाच्या अखेरीस सागवानाची हौस ओसरली, आणि पुढच्या काळात कितीतरी घरांतून या खुर्च्या माळ्यावर गेल्या किंवा कवडीमोलाने विकल्या गेल्या. सुरुवातीच्या संग्राहकांना मिळाल्या त्या अशाच.

दुसरं लाकूड शिसवाचं, तिकडे त्याला पॅलिसँडर म्हणतात. आपल्याकडची शिसव डालबर्जिया लॅटिफोलिया, तर डॅनिश खुर्च्यांत ज्याला सगळ्यात जास्त किंमत येते ते ब्राझीलचं, डालबर्जिया नायग्रा. दोघं एकाच कुळातले. ब्राझीलचा वृक्ष इतका तोडला गेला की 1992 मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याचा समावेश झाला, म्हणजे त्याच्या व्यापाराला जवळजवळ बंदी आली. 2017 मध्ये डालबर्जियाच्या उरलेल्या जातीही, आपली शिसव धरून, दुसऱ्या परिशिष्टात आल्या. याचा संग्राहकाशी थेट संबंध आहे. ब्राझिलियन शिसवाची जुनी खुर्ची देशाबाहेर न्यायची तर ती बंदीच्या आधीची असल्याचा पुरावा आणि त्यावर सरकारी प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर सीमाशुल्क अधिकारी खुर्ची अडवू शकतात. परदेशात राहणाऱ्या, सामान घेऊन घरी परतणाऱ्या मराठी मंडळींनी ही कागदपत्रं खरेदीच्या वेळीच मागून घ्यावीत, नंतर विक्रेता सापडत नाही.

आता बैठकीकडे. वाय खुर्चीची बैठक दुरून वेताची किंवा काथ्याची वाटते, पण ती कागदाची असते. युद्धकाळात बाहेरून येणारं समुद्रगवत मिळेनासं झालं, तेव्हा पिळलेल्या कागदाची दोरी वापरात आली आणि नंतर तीच टिकली. वाय खुर्चीला सुमारे 120 मीटर दोरी लागते. ती हाताने विणली जाते आणि सरावलेल्या कारागिराला साधारण तासभर लागतो. नीट वापरली तर ही बैठक काही दशकं सहज टिकते. म्हणून फाटलेली दोरी पाहून चांगली खुर्ची सोडू नये, दोरी पुन्हा विणता येते. चौकट मात्र नीट पाहावी: कुसू खाचेत हलतंय का, सांध्यात सरसाऐवजी कुणी स्क्रू मारलाय का, एखादा पाय बदलला आहे का. आरहूसच्या जे. एल. म्योलर कारखान्याच्या जेवणाच्या खुर्च्यांत बैठकीच्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला इंग्रजी एल आकाराचे खिळे रांगेने ठोकलेले असतात आणि दोरी त्यांत अडकवलेली असते. हे खिळे काढून जिथे स्टेपलर मारलेत, तिथे पुढच्या विणकऱ्याला दुप्पट काम.

सगळ्या खुर्च्या सुतारांच्या कारखान्यातून आल्या असं मात्र नाही. 1872 मध्ये सुरू झालेल्या फ्रिट्झ हान्सेन कंपनीने आर्ने याकोबसेनच्या खुर्च्या लाकडाचे पातळ थर साच्यात दाबून काढल्या. 1952 ची मुंगी खुर्ची नोवो या औषध कंपनीच्या उपाहारगृहासाठी होती आणि तिला तीनच पाय. चार पाय लावायला याकोबसेन कधीच तयार झाला नाही. तो 1971 मध्ये वारला आणि त्यानंतर चार पायांची मुंगी बाजारात आली. तेव्हा चार पायांची मुंगी ‘1955 ची’ म्हणून कुणी विकत असेल, तर उठून चालू लागावं. केअरहोल्मच्या पोलादी पीके 22 ची खूण अशीच सोपी. 1982 पासून ती फ्रिट्झ हान्सेन बनवते, त्याआधी ई. कोल्ड क्रिस्टेन्सन बनवत असे. त्यांची छोटी मुद्रा पोलादात ठोकलेली दिसली की खुर्ची 1982 च्या आधीची.

नकलेबद्दल लोकांना फार भीती असते. त्यात तथ्य आहे, पण नक्कल ओळखता येते. सगळ्यात प्रसिद्ध नकली खुर्ची तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. 1963 मध्ये छायाचित्रकार लुइस मॉर्ली याने ख्रिस्तीन कीलर या ब्रिटिश मॉडेलचा तो गाजलेला फोटो काढला. त्यात ती उलटी बसली आहे ती याकोबसेनच्या 1955 च्या ‘सेव्हन’ नमुन्याच्या नकलेवर. पाठीत हात घालून उचलायला एक खाच कापलेली आहे, आणि मूळ खुर्चीत अशी खाच नाही. ब्रिटनमध्ये 2016 पर्यंत कारखान्यात तयार होणाऱ्या अशा नमुन्यांना फक्त 25 वर्षांचं कायदेशीर संरक्षण होतं, त्यामुळे तिथे नकला उघडपणे विकल्या जात. त्या साली ते कलम रद्द झालं आणि डिझायनरच्या मृत्यूनंतर 70 वर्षं हा नियम फर्निचरलाही लागू झाला. जुन्या बाजारात मात्र त्या आधीच्या नकला भरपूर फिरतात. नक्कल बहुधा जाडीत चुकते: पाय मूळ खुर्चीपेक्षा स्थूल, कडा बोथट, वळणं आळशी. मूळ खुर्चीची मापं लिहून घेऊन टेप लावली तर निम्म्या शंका तिथेच मिटतात. मापांबाबत एक गोष्ट सांगायला हवी: माणसं उंच झाली तशा नव्या खुर्च्यांच्या बैठकीही वाढवल्या गेल्या. जुनी वाय खुर्ची आजच्या नमुन्यापेक्षा सुमारे दोन सेंटिमीटरने ठेंगणी असते, म्हणून तिला नकली समजू नये.

लिलावाच्या कॅटलॉगची भाषाही शिकून घ्यावी लागते. ‘वेग्नर’ आणि ‘वेग्नरच्या शैलीतली’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून चांगल्या डॅनिश फर्निचरवर ‘डॅनिश फर्निचरमेकर्स कंट्रोल’चं गोल लेबल लागत असे. ते दर्जाची हमी देतं, डिझायनरची नाही. तरीही ते दाखवून अनामिक खुर्चीला मोठं नाव चिकटवणारे भेटतात. अनामिक खुर्ची वाईट असते असं नाही. त्या काळच्या डेन्मार्कमध्ये अगदी सामान्य कारखान्यातला सुतारही सांधा नीट करत असे, आणि नाव नसलेली उत्तम सागवानी खुर्ची आजही परवडणाऱ्या भावात मिळते.

जमवणाऱ्यांमध्ये एका माणसाबद्दल मला विशेष आदर आहे, जपानचे नोरित्सुगु ओदा. चित्रकार म्हणून काम करता करता त्यांनी तेराशेहून अधिक खुर्च्या गोळा केल्या. त्यात डॅनिश खुर्च्यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी नुसत्या साठवल्या नाहीत, मोजल्या, त्यांचे फोटो काढले, कोणता नमुना कोणत्या कारखान्यात किती बदलांतून गेला याच्या नोंदी केल्या आणि डॅनिश खुर्च्यांवर पुस्तक लिहिलं. त्यांचा संग्रह आता होक्काइडो बेटावरच्या हिगाशिकावा या छोट्या गावाने स्वीकारला आहे. हा परिसर फर्निचरच्या कामासाठीच ओळखला जातो, त्यामुळे तिथल्या सुतारांना वेग्नर आणि यूल यांच्या खुर्च्या जवळून पाहता येतात. डेन्मार्कमध्ये हेच करायचं तर कोपनहेगनचं डिझाइन संग्रहालय आहे. ट्योंडरला वेग्नरच्या गावी पाण्याचा जुना टॉवर आहे, त्यात त्याच्या 37 खुर्च्या मांडल्या आहेत.

पहिली खुर्ची कोणती घ्यावी, असं कुणी विचारलं तर मी बोर्गे मोगेन्सेनची जे 39 सुचवतो. मोगेन्सेन हा क्लिंटचा विद्यार्थी आणि वेग्नरचा मित्र. डेन्मार्कच्या ग्राहक सहकारी संस्थेच्या, एफडीबीच्या, फर्निचर विभागाचा तो प्रमुख होता. 1947 मध्ये त्याने सामान्य कुटुंबाला परवडेल अशी ही खुर्ची काढली. सरळ पाय, पाठीला एक रुंद फळी, कागदी दोरीची बैठक. शेकर खुर्चीचा वारसा तिच्यात स्पष्ट दिसतो. लोक तिला ‘जनतेची खुर्ची’ म्हणू लागले. ती इतक्या संख्येने बनली की जुन्या बीचच्या जे 39 आजही यूल-वेग्नरच्या मानाने पुष्कळ स्वस्त मिळतात. जेवणाच्या टेबलापाशी त्या रोज वापरल्या तरी काही बिघडत नाही. चारांचा जोड घ्यायचा असेल तर चारही उलट्या करून पाहाव्यात: एकाच कारखान्याच्या आहेत का, उंची सारखी आहे का, दोरी एकाच वेळी विणलेली आहे का. तीन जुळल्या आणि चौथी जुळली नाही, तर तीनच घ्याव्यात. चौथी सापडते, थोडा वेळ लागतो.